आतली खिट्टी

दि. ९ नोव्हेंबर, मंगळवार
दुकान, दुपारची वेळ

प्रिय चिमणे,

'प्रिय' लिहावं की नाही, यावर पेन धरून बराच वेळ बसले होते. मग म्हटलं, शाळेच्या बाकापासूनची सवय आहे, ती काय कोर्टाच्या निकालानं सुटणार? राहू दे.

इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. खोकला आहेच. दिवसभर लोखंडाचा कीस नाकातोंडात जातो, दुसरं काय होणार? तिची खाट दुकानाच्या मागच्या बाजूला, पडद्याआड टाकली आहे. मी ग्राइंडर लावला की ती कानावर उशी दाबून घेते आणि बंद केला की विचारते, "झालं का गं तुझं दळण?" विनोद करायची खोड अजून गेलेली नाही तिची.

तुझ्या न्हाणीघराचं पाणी पुन्हा माझ्या छतातून ठिबकायला लागलंय. बादली ठेवली आहे खाली. नळाचा वॉशर गेला असणार. एरवी वर येऊन बदलून दिला असता. हे 'एरवी' नेमकं कधी संपलं, ते आता मलाच नीट सांगता येत नाही.

वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं की केस संपेपर्यंत तिला एक ओळ लिहायची नाही, जिन्यात भेटली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, बाई, ती जिन्यात भेटते कुठे? दुकानातून वर जाणारा जिना सोडून तू मागचा लोखंडी जिना धरलास. इतकी वर्षं दिवसातून दहा वेळा "दांडगे, चहा टाकतेस का?" करत त्या जिन्यावरून उतरलीस आणि आता मागून जातेस, येतेस. असो. केस संपली. म्हणून लिहिते आहे. तुझी लेक ठमी ऑफिसला गेली की हे पत्र दाराखालून सरकवीन. वाचून झालं की फाडून टाक, तिच्या हाती लागू देऊ नकोस. का, ते पुढे वाचशील तेव्हा कळेल.

आईला मी केसचं काहीच सांगितलेलं नाही. तारखेला जाताना 'बँकेत जाते' म्हणायची. ती म्हणते, "तुझ्या बँकेत फारच गर्दी असते बाई, सकाळची जातेस ती दिवेलागणीला येतेस!" वर तुझी पावलं वाजली की मान वर करून म्हणते, "चिमणी आली वाटतं." रोज म्हणते. परवा मात्र सरळच विचारलं, "खाली का येत नाही ती? भांडलात का?" मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात हल्ली. झालं! तेव्हापासून रोज माझ्यामागे लकडा, चिमणीला चोळायला तेल नेऊन दे म्हणून. तेलाची बाटली इथे फळीवर आहे. काय करू तिचं, तूच सांग.

एक गिऱ्हाईक आलं होतं, मधेच उठले. कपाटाची किल्ली आत आणि कपाट बंद. लोक कसे वागतात देव जाणे.

तर काल बेलिफ आला होता. तुला माहीतच आहे, कुणाची जागा कोर्टामार्फत रिकामी करायची असली आणि आतलं माणूस दार उघडत नसलं, की तो मला बोलावतो. बाबा होते तोवर बाबांना बोलवायचे. त्यामुळे तशी दारं मी उघडलेली आहेत आणि उघडल्यावर आत काय असतं तेही पाहिलं आहे. शेगडीवर दूध असतं. दोरीवर ओले कपडे असतात. एकदा तर एक बाई मला म्हणाली, "चप्पल बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसली आहे." तसलं काम करून आले की मला जेवण जायचं नाही आणि तू वरून ताट घेऊन यायचीस, समोर बसून मला भरवल्यासारखं खायला लावायचीस. "सोड ना ही कामं," म्हणायचीस. मी म्हणायचे, मी नाही गेले तर दुसरा कोणी जाईल आणि तो दार फोडेल. मी निदान दार शाबूत ठेवते.

काल तो शिंकतच आत आला. छत्री टेबलावर टाकली आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, "बाई, शुक्रवारी सकाळी मोकळ्या आहात का? एका जागेचा ताबा घ्यायचाय. जवळच आहे."

मी म्हटलं, "किती जवळ?"

त्यानं वॉरंट काढलं, चष्मा कपाळावर चढवला, पत्ता वाचला. मग दुकानाची पाटी वाचली. मग पुन्हा कागद. "अहो, हे तर तुमचंच की!"

मला हसू फुटलं. खरंच हसले गं, इतकी की आईनं पडद्याआडून विचारलं, कोण आलंय? आणि हसता हसता हातातली कानस खाली पडली आणि मला ती वाकून उचलवेना. शेवटी बेलिफानंच उचलून दिली.

तेव्हा शुक्रवारी सकाळी. तुला कळेलच कोर्टाकडून, पण माझ्याकडून कळावं असं वाटलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. इतका वेळ नळ आणि तेलाची बाटली चालली होती.

मी तुझ्याकडे एक खोली मागितली होती, चिमणे. दोन नाही, एक. आमच्या भाड्याच्या घराच्या मालकाला त्याची जागा हवी होती. त्याची जागा, त्यानं मागितली, आम्ही कुरकुर न करता सोडली. मला काय चिंता, माझ्या स्वतःच्या दुकानावर दोन खोल्या आहेत आणि तिथे माझी मैत्रीण आहे! एकीत तू नि ठमी, एकीत आई नि मी. मी तर मनातल्या मनात खाटा कुठे लावायच्या तेही ठरवून टाकलं होतं. आई खिडकीशी म्हणजे तिला रस्ता दिसेल, संध्याकाळी सगळ्या मिळून जेवायचं. तू म्हणालीस, "विचार करून सांगते." मला वाटलं सामान हलवायचा विचार करत असशील. आणि आठवड्याभरात तुझ्या वकिलाची नोटीस आली, वरच्या खोल्या आता तुझ्याच म्हणून.

तरी मी म्हटलं, घाबरली असेल. कोणीतरी कान भरले असतील. दावा लावला तोही वकीलबाई म्हणाल्या म्हणून, आणि मनात हेच की कोर्टात समोरासमोर उभ्या राहिलो की ती रडेल, मी रडेन, आणि तिथेच मिटेल. मूर्खच मी.

मग तुझी कैफियत आली. वकीलबाईंनी वाचून दाखवली. मला अजून तोंडपाठ आहे. 'प्रतिवादी ही सदर खोल्यांमध्ये वादीच्या मर्जीविरुद्ध, उघडपणे आणि स्वतःला मालक मानून बारा वर्षांहून अधिक काळ राहत आहे.' वादी म्हणजे मी आणि प्रतिवादी म्हणजे तू. मी विचारलं, मर्जीविरुद्ध म्हणजे? वकीलबाईंनी समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या जागेत कोणी वैर धरून, मालकाला न जुमानता इतकी वर्षं राहिलं, तर ती जागा त्याचीच होऊन बसते, असा कायदा आहे. पण प्रेमानं राहायला दिली असेल तर होत नाही. म्हणून तिला असं म्हणावंच लागणार, त्या म्हणाल्या, की तुम्ही कधी दिलीच नव्हती.

म्हणजे घर मिळवायचं तर तुला आधी हे सिद्ध करायचं होतं की आपलं वैर होतं. आणि तू त्याच्याखाली सही केलीस. मी ती सही बोट ठेवून पाहिली. तुझीच. शाळेत माझ्या प्रगतीपुस्तकावर आईची सही करून द्यायचीस तेव्हासारखीच वळणदार.

ठमी कडेवर, एक पिशवी, आणि कपाळाला रुमाल बांधलेला, अशी तू दुकानाच्या दारात उभी राहिली होतीस. मी काही विचारलं का गं? "वर जा, दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत, हव्या तितक्या दिवस राहा," एवढंच म्हटलं आणि ठमीला पाणी दिलं. ती माझी मर्जी नव्हती तर काय होती?

पण ते वाक्यही मी गिळलं असतं. पुढचं नाही गिळता आलं. 'प्रतिवादीने पहिल्याच वर्षी, वादीस आत प्रवेश करता येऊ नये म्हणून, दारास स्वतःचे कुलूप बसवले.'

चिमणे, ते कुलूप.

तो रविवार होता. मी दारापुढे गुडघ्यांवर बसून फळीत खाच पाडत होते आणि तू टॉर्च धरून उभी होतीस, आणि तुझा हात इतका कापत होता की उजेड सगळ्या भिंतीवर नाचत होता. मी म्हटलं, "बाई गं, दारावर धर, नाहीतर मी स्वतःचं बोट कापीन." तेव्हा तू हसलीस. आल्यापासून पहिल्यांदा. तू म्हणत होतीस, नवऱ्याच्या हाती किल्ली लागली तर? तो कुठूनही करून आणील, गोड बोलून कोणाकडूनही काढून घेईल. म्हणून मी बाबांच्या पेटीतलं सगळ्यात मजबूत कुलूप काढलं आणि त्याला आतून खिट्टी बनवून दिली. ती आतून पाडली की बाहेरून कसलीही किल्ली घाला, दार हलणार नाही. मी स्वतः घासून, तेल देऊन, दहादा लावून पाहिली. तसली खिट्टी त्याआधी मी कधी केली नव्हती आणि नंतरही नाही. आणि दुसरी किल्ली तूच माझ्या हातात दिलीस. "ही तुझ्याकडे राहू दे. मला काही झालं तर ठमीला तरी काढशील." मी ती ग्राइंडरच्या वरच्या खिळ्याला अडकवली. अजून तिथेच आहे. तुझ्या रिबिनीचा लाल रंग उडून गेलाय, इतकंच.

आणि तो आलाही होता. आठवतं ना? इस्त्रीचा शर्ट, आवाजात नुसता मध. "ताई, माझी बायको नि मुलगी इकडे कुठे राहतात असं कळलं." तू जिन्याच्या वळणावर, तोंडावर हात दाबून. मला दिसत होतीस, त्याला नाही. तो म्हणाला, "वर कोण राहतं?"

मी म्हटलं, "मी राहते. घर माझं आहे. काही कुलूपबिलूप करायचं असेल तर बोला, नाहीतर वाट सोडा, गिऱ्हाईक खोळंबतं."

गेला. तू खाली येऊन माझ्या गळ्यात पडलीस आणि माझा कामाचा एप्रन चिंब भिजवलास. पुढे तो परगावी वारल्याची बातमी आली, तेव्हा कुठे तू ती खिट्टी लावायची सोडलीस. ठमीला मात्र तू सांगितलं होतंस की तिचे बाबा चांगले होते, बोटीवर गेले आणि तिथेच आजारी पडून वारले. आणि तुझ्या कपाळावरची खोक म्हणजे न्हाणीघरात पाय घसरला. मी म्हटलं होतं, पोरीला खरं सांग. तू माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून, तिला कधी सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावलीस.

आता ऐक. माझी साक्ष होती तेव्हा वकीलबाईंनी आदल्या दिवशी विचारलं, "हे कुलूप का बसवलं? खरं कारण सांगा. कुलूप मालकिणीविरुद्ध नव्हतं, नवऱ्याविरुद्ध होतं, एवढं सांगितलं की तिची सगळी कैफियत कोलमडते." त्यांना कुठूनसा वास लागला होता. मी रात्रंदिवस तेच घोळवत होते, सांगणारही होते. खरं सांगते, मला तुझा इतका राग आला होता की भर कोर्टात सांगायला मला मजा वाटली असती.

उभी राहिले आणि समोर पाहिलं, तर मागच्या बाकावर ठमी. तिनं केस तुझ्यासारखे मागे बांधले होते आणि माझ्याकडे बघत होती, मी कोणी भामटी असल्यासारखी. वकीलबाईंनी विचारलं, "हे कुलूप कोणत्या कारणानं बसवलं गेलं?" मी म्हटलं, "जुनं बिघडलं होतं."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी "तुम्हाला घर हवंय की नकोय?" एवढंच विचारलं. तू खाली मान घालून बसली होतीस. मी खरं का टाळलं ते त्या खोलीत फक्त तुला कळलं होतं. मला वाटलं, आता तरी उठशील. आता तरी म्हणशील, साहेब, हे सगळं खोटं आहे. तू नुसती पर्सची चेन लावत आणि काढत राहिलीस.

शेवटी केस फिरली ती तुझ्याच बोलण्यानं. वकीलबाईंनी सहज विचारलं, "कामावरून येताना किल्ली विसरलात तर काय करायचात?" आणि तू पटकन म्हणालीस, "तिच्याकडे दुसरी आहे ना." जिला बाहेर ठेवायला कुलूप बसवलं, तिच्याच खिळ्यावर किल्ली! तुझ्या वकिलानं डोक्याला हात लावला. आणि मी मात्र, खरं सांगू, जिंकले म्हणून नाही रडले. त्या एका वाक्यात तू माझी चिमणी होतीस, न विचार करता बोलणारी, म्हणून रडले.

निकालानंतर ठमी दुकानात आली होती, तुला बोलली असेल किंवा नसेल. ऑफिसच्या कपड्यांतच होती. नशीब, आईला तेव्हा गाढ झोप लागली होती. काउंटरवर हात आपटून म्हणाली, "बाई, तुम्हाला लाज नाही वाटत? माझ्या आईनं आयुष्य काढलं त्या घरात." मावशी नाही म्हणाली, 'बाई' म्हणाली. जिला मी किल्ल्यांचा जुडगा वाजवून झोपवलं ती. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं सगळं. टॉर्च, रविवार, इस्त्रीचा शर्ट. जीभ चावली आणि म्हटलं, "चहा घेतेस?" ती थुंकायचीच बाकी राहिली. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. शपथ तुला दिली होती, तू मोडलेल्या गोष्टींशी त्या शपथेचा संबंध नाही.

किल्ली माझ्याकडे असताना कोर्टात कशाला गेले, असंही लोक विचारतात. तुम्ही दोघी मागे गावाला गेलात तेव्हा आठवडाभर वरती काळं कुत्रं नव्हतं. मी किल्ली खिळ्यावरून काढलीही होती. जिना चढून दारापर्यंत गेले. बाबा म्हणायचे, आत कोणाचा संसार असेल तर आपल्याजवळ किल्ली असली तरी आधी दार वाजवायचं. दार वाजवलं. आत कोणी नव्हतंच, कोण 'ये' म्हणणार? खाली आले.

पण तुला सांगते, मला सगळ्यात जास्त काय लागलं ते. कैफियत नाही, ठमीही नाही. नोटीस आली त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तू वर गेलीस की मला एक आवाज येतो. खट्. दुसऱ्या कोणाला कळणार नाही, पण मी घासून केलेली वस्तू आहे ती, मला कळते. तू आतली खिट्टी पाडतेस. जी मी त्याच्यासाठी केली होती ती तू माझ्यासाठी पाडतेस. आई म्हणते, "चिमणी आली वाटतं," आणि मी म्हणते, "हो, आली."

मला फसवलंस तू, चिमणे. घर पाहिजे होतं तर माग की. कदाचित दिलंही असतं, माझ्यामागे कोण आहे खायला? पण तू मी दिलेलं नाकारलंस. एवढी वर्षं तू माझ्या घरात माझ्या इच्छेविरुद्ध राहिलीस म्हणे! मग जेवलो काय, हसलो काय, आणि ठमीच्या गोवरात आळीपाळीनं बसलो ते काय?

आता एक खोली मी तुला देणार नाही. तू मागणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहून ठेवते. मन मोठं करावं असं दहादा वाटलं, आणि नाही झालं माझ्याच्यानं. आई खिडकीशी झोपेल आणि दुसऱ्या खोलीत मी. ठमीचं ऑफिस आहे, तुझी दवाखान्यातली नोकरी आहे, तुम्ही उघड्यावर पडणार नाही. त्या दिवशी रुमाल बांधून आली होतीस तशी परिस्थिती नाही, म्हणून माझा हात या वेळी पुढे होत नाही.

बेलिफाला मी म्हटलं, शुक्रवारी मीच येते, दुसरा कुलूपवाला आणू नका, तो ड्रिल लावील. मी किल्ली घेऊन येईन, खिळ्यावरची. दार वाजवीन. तुझ्याकडे मागणं एकच आहे. त्या दिवशी आतली खिट्टी पाडू नकोस. ती पाडलीस तर मला ते दार फोडावं लागेल आणि ते माझ्याच्यानं होणार नाही, बेलिफाच्या माणसांना करावं लागेल, ठमीसमोर.

तू स्वतः उघडलंस तर फारच बरं.

सामान खाली गेलं की मी ते कुलूप दारातून काढीन आणि तुझ्या हातात देईन, खिट्टीसकट. घर माझं आहे, पण कुलूप तुझं आहे, तुझ्यासाठीच बसवलं होतं. नव्या जागेच्या दाराला लावून घे. कोणताही सुतार लावून देईल, फक्त त्याला सांग, खाच थोडी खोल पाडायची आणि वर्षातून एकदा तेल द्यायचं. बाबांच्या हातचं आहे, तुला पुरून उरेल.

आईचं तेलही तेव्हाच देईन. घे निमूटपणे. गुडघ्यांचं मी थापलंय हे तिला कळू देऊ नकोस.

ठमीला माझा आशीर्वाद सांगू नकोस, घेणार नाही ती.

आणि खिळ्यावरची किल्लीही घेऊन जा. रिबीन तशीच ठेवली आहे. माझ्याकडे ती असायचं आता काही कारण नाही. दुसरी किल्ली यापुढे कोणाकडे ठेवायची, ते तुझं तू बघ.

दांडगी